यात प्राणी कुठंय?

आमच्या बैठकीतल्या सोफ्यामागची भिंत एका वाघिणीच्या मालकीची आहे. ताडोब्यातला फोटो. समोरून चालत येणारी, उजवा पंजा उचललेला, मागची बांबूची रांजी विरघळून नुसता हिरवा-पिवळा रंग उरलेला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा येईस्तोवर तिच्याकडेच पाहत बसतो. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. भाची काकीनाड्याहून परतली आणि तिथं लावायला म्हणून एक प्रिंट करून घेऊन आली. दोन फूट रुंद, रंग जवळजवळ नाहीच. राखाडी आकाश, फिकट रेती, रेतीवर काळसर रेघा, आणि पाण्यातून वर येऊन पुन्हा पाण्याकडे वळलेला एक रुंद माग.

त्यावरून जे झालं ते इथं देते. मामा म्हणजे माझा नवरा. बँकेतून निवृत्त, फिल्म रोलच्या काळापासून पेंच, नागझिरा, ताडोबा करणारा. भाची भूगर्भशास्त्र शिकते. मी मामी. मध्ये बोलायचं नाही असं ठरवून बसले होते, ते जमलं नाही.

मामा: छान आहे. पण यात प्राणी कुठंय?

भाची: माग दिसतोय नं.

मामा: माग दिसतो बेटा. पण पगमार्कचा फोटो काढून भिंतीवर कोणी लावतं का? वाघ दिसला नाही की गाइड पगमार्क दाखवतो, पैसे वाया गेले असं वाटू नये म्हणून. तू एवढ्या दूर जाऊन तेच घेऊन आली?

भाची: मला तोच काढायचा होता. कासवीण रात्री आली, अंडी घातली, गेली. मी उजाडल्यावर पोचले. ती असताना मी तिथं नव्हते हे बरंच झालं.

मामा: म्हणजे उशिरा पोचली.

भाची: म्हणजे वेळेवर पोचले.

इथं जागेबद्दल सांगायला हवं, कारण नागपूरच्या माणसाला समुद्र म्हटलं की अलिबाग किंवा फार तर तारकर्ली आठवते. भाचीने फोटो काढला ते होप आयलंड बंगालच्या उपसागरात, काकीनाड्यासमोर आहे. गोदावरीची गौतमी शाखा समुद्राला मिळते, तिथून उत्तरेकडे रेतीचा एक चिंचोळा दांडा वाढत गेला आहे, सोळा-सतरा किलोमीटर लांब. नदी रेती आणून टाकते, पावसाळी वाऱ्याच्या लाटा ती किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला ढकलत नेतात, आणि दांड्याचं टोक पुढे सरकतं. हे सगळं गेल्या दोनेकशे वर्षांतलं काम. दांड्याच्या आत पाणी शांत राहतं, म्हणून तिथं बंदर आहे आणि कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. कोकणात असं काही फारसं होत नाही. सह्याद्री समुद्राला खेटून, नद्या आखूड, त्यांनी आणलेली रेती थोडी. देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली अरुंद पट्टी आहे, तिच्यावर समाधान मानायचं. पूर्व किनाऱ्यावर मात्र अशी बेटं आणि दांडे जागोजाग आहेत. चिलिका सरोवराला समुद्रापासून वेगळं ठेवणारा पट्टा तसाच. इस्रोची यानं जिथून उडतात ते श्रीहरिकोटासुद्धा पुलिकत सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये पडलेलं रेतीचं बेटच आहे.

मामा: या काळ्या रेघा काय आहेत? प्रिंटरची शाई सांडली का?

भाची: जड खनिजं आहेत ती. इल्मेनाइट, मॅग्नेटाइट. वारा हलकी रेती उडवून नेतो, जड काळे कण मागे राहतात. वारा कुठून कुठे वाहिला ते त्या रेघांत दिसतं.

मामा: बरं. आणि आकाश असं मेलेलं काहून? सूर्य उगवायची वाट पाहायची होती. सोनेरी ऊन तिरपं पडलं असतं तर रेतीचा कण न् कण उठून दिसला असता.

भाची: सोनेरी उन्हात सगळेच किनारे सारखे दिसतात, मामा. मला ही जागा हवी होती.

मामा: आणि पांढऱ्या रेतीवर एक्स्पोजर वाढवलं नाहीस. मीटरने सगळं करडं करून टाकलं.

भाची: वाढवलं होतं, एक स्टॉप. ती रेती करडीच आहे.

हे असं बराच वेळ चाललं. स्टॉप, हिस्टोग्राम, पोलरायझर. मी पोहे करून आणले. परत आले तोवर गाडी मूळ मुद्द्यावर आली होती.

मामा: तुला एक सांगतो. लोकांना चेहरा लागतो. उमरेड-कऱ्हांडला म्हणजे काय हे नागपुरात किती लोकांना माहीत होतं? नागझिऱ्यातून जय नावाचा वाघ तिथं आला, त्याचे फोटो पेपरात यायला लागले, मग मुंबईचे लोक गोठणगावच्या गेटवर यायला लागले. जिप्सीवाल्या पोरांना काम मिळालं, गाइडना मिळालं. २०१६ मध्ये जय नाहीसा झाला तेव्हा अख्ख्या देशाने विचारलं की कुठे गेला. चेहरा नसता तर कोणी विचारलं असतं? जंगलात दरवर्षी किती सांबरं नाहीशी होतात, कोणी विचारतं?

भाची: विचारलं खरं. सापडला का?

मामा: तो मुद्दा वेगळा.

भाची: बरं, दुसरा मुद्दा घ्या. उमरेडचाच. ३१ डिसेंबर २०२४.

मामा गप्प. त्या दिवशी एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते आणि पुढून-मागून जिप्स्या लागल्या. मायलेकरांना निघायला वाट नाही. व्हिडिओ फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर निलंबनाची आणि दंडाची कारवाई झाली. नागपुरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. मामा त्या दिवशी तिथं नव्हता, पण त्या गर्दीत कोणकोणत्या प्रकारची माणसं असतात ते त्याला चांगलं माहीत आहे. पुढच्या गाडीला मागची गाडी 'थोडं पुढे घे, थोडं पुढे घे' करते, हे मीही जिप्सीत बसून पाहिलेलं आहे.

भाची: तो चेहरा मिळवायच्या नादातच झालं नं ते? सगळ्यांना हेड-ऑन पाहिजे.

मामा: झालं. वाईट झालं. पण कोर्टापर्यंत गोष्ट पोचली कशाने? तिथल्याच कोणाच्या तरी कॅमेऱ्याने. व्हिडिओ नसता तर वनखात्याला कळलं नसतं, तुला कळलं नसतं.

भाची: म्हणजे तुम्ही आत्ता ज्या व्हिडिओचं कौतुक करून राहिले, त्यात काय दिसतं? वाघीण लहान दिसते आणि गाड्या मोठ्या. चांगल्या फोटोग्राफरने गाड्या कापून नुसती वाघीण ठेवली असती. गाड्या फ्रेममध्ये राहिल्या म्हणून तो पुरावा झाला.

मला हा मुद्दा पटला. आमच्या भिंतीवरच्या वाघिणीच्या मागेही एखादी जिप्सी असेल का, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता. विचारला. 'दोन होत्या,' मामा म्हणाला. 'लांब होत्या.'

भाची: आणि वाघ मोजताना तुमचा हेड-ऑन कोण वापरतं? ट्रॅप कॅमेरे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावतात, कारण दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात. ओळख पटते ती कुशीवरून. डोळे मिटलेले, मान कापलेली, अर्धं शेपूट बाहेर, असे फोटो असतात ते. वाघांचा आकडा त्या फोटोंवर उभा आहे.

मामा: ते मला शिकवू नको. एफ. डब्ल्यू. चॅम्पियनने शंभर वर्षांपूर्वी तेच केलं होतं. वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा. वाघ स्वतःचा फोटो स्वतः काढायचा. १९२७ मध्ये पुस्तक आलं त्याचं. आणि तेही फोटो सुंदर होते, लक्षात ठेव. पुरावा म्हणजे कुरूप असलाच पाहिजे असं कुठं लिहिलं आहे?

भाची: कासवावर मात्र फ्लॅश उडवता येत नाही. मादी किनाऱ्यावर चढताना उजेड दिसला तर अंडी न घालता परत फिरते. आणि पिल्लं तर उजेडाकडेच धावतात. वाळूतून बाहेर आली की जिकडचं क्षितिज जास्त उजळ तिकडे जायचं, एवढंच त्यांना कळतं. एरवी तिकडे समुद्र असतो. किनाऱ्यावर दिवे असले की पिल्लं उलटी निघतात आणि सकाळपर्यंत कुत्र्या-कावळ्यांना मिळतात किंवा उन्हाने वाळतात. होप आयलंडवरून काकीनाड्याचा झगमगाट दिसतो रात्री.

मामा: तर मग मोठा आयएसओ लावायचा. आजकालचे कॅमेरे चांदण्यात फोटो काढतात. पेंचला गेलो होतो नं आपण?

पेंचची गोष्ट खरी. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्रप्रकल्प देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. सिल्लारी, वाघोली वगैरे गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवला. नागपूरहून दोन-अडीच तासांत माणूस आकाशगंगेखाली उभा राहतो. वाघ न दिसताही पेंचहून खूश होऊन परतलेला मामा मी तेव्हाच पाहिला.

भाची: तेच म्हणते मी. पेंचला तुम्ही अंधाराचा फोटो काढला आणि त्यात प्राणी कुठंय हे नाही विचारलं.

मामा: तारे होते त्यात!

भाची: यात रेती आहे.

मामा: बेटा, ताऱ्यांकडे माणूस लाखो वर्षं पाहून राहिला. रेतीकडे ट्रकवाले पाहतात.

हे मामाचं वाक्य विनोदाने आलं, पण भाचीला जिथं यायचं होतं तिथंच तिला घेऊन गेलं.

भाची: होप आयलंडवरची रेती कुठून आली असं वाटतं तुम्हाला?

मामा: गोदावरीतून. तूच म्हणाली.

भाची: आणि गोदावरीत? तिची सगळ्यात मोठी उपनदी प्राणहिता. प्राणहिता म्हणजे वर्धा आणि वैनगंगा. वैनगंगेला आंभोऱ्याजवळ कन्हान मिळते. कन्हानला पेंच मिळते, आपली नाग नदीही मिळते. आपल्या घराच्या स्लॅबमध्ये कन्हानची रेती आहे. तीच रेती टिप्परमध्ये भरली नसती तर वाहत वाहत सिरोंच्यावरून खाली गेली असती. या फोटोतला एखादा कण कामठीचा असू शकतो.

मामा: असू शकतो. पण वाटेत धरणं किती आहेत!

भाची: तेच. तोतलाडोह आहे, गोसेखुर्द आहे, खाली मेडिगड्डा, राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम. पाणी सुटतं, गाळ-रेती मागे राहते. गोदावरी समुद्रापर्यंत जो गाळ नेते तो १९७०च्या दशकात होता, त्याच्या साधारण एक-तृतीयांश १९९०च्या दशकात उरला. दांडा तर रेतीवरच जगतो. एकीकडे रेती कमी, दुसरीकडे समुद्र खातो. दांड्याने लाटांची दिशा बदलली, त्यात बंदराचे बांध, त्यामुळे उत्तरेला उप्पाड्याचा किनारा वर्षानुवर्षं खचून राहिला. घरं, रस्ता सगळं समुद्रात गेलं.

मी: उप्पाडा म्हणजे जामदानी साड्यांचं?

भाची: हो मामी, तेच.

उप्पाड्याची जामदानी साडी माझ्याकडे एक आहे, लिंबाच्या रंगाची. ती ज्या गावात विणली गेली तिथली घरं पाण्यात जात आहेत आणि त्याचा एक बारीकसा धागा आमच्या स्लॅबपर्यंत येतो, हे ऐकून मला जरा अस्वस्थ वाटलं. मामाला नाही वाटलं. तो लढवय्या आहे.

मामा: सगळं मान्य. आता मला सांग, हे सगळं तुझ्या फोटोत दिसतं का? तू बाजूला उभी राहून सांगितलं म्हणून कळलं. उद्या पाहुणा आला, तू नाहीस, तर त्याला काय दिसेल? रेती.

भाची: एका फोटोत नाही दिसणार. पाच वर्षांनी त्याच जागेवरून दुसरा काढला तर दिसेल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याला अशीच बेटांची रांग आहे. तिथं केप हॅटरासचं दीपगृह १८७०मध्ये बांधलं तेव्हा समुद्र पंधराशे फूट दूर होता. शंभर वर्षांत तो सव्वाशे फुटांवर आला. शेवटी १९९९ मध्ये अख्खं दीपगृह उचलून जवळजवळ तीन हजार फूट आत नेऊन ठेवलं. कोणी नुसत्या दीपगृहाचा सुंदर फोटो काढला असता तर दोन्ही फोटो सारखेच दिसले असते. समुद्र किती जवळ आहे ते दाखवणारी फ्रेम पाहिजे.

मामा: आणि तोपर्यंत कासवांचं काय? पाच वर्षं कोण थांबतं? हे ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच रांगेत, पण ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मरतात त्या बातम्या पेपरात आतल्या पानावर. काहून? कासवाचा चेहरा कोणी नीट काढला नाही म्हणून. ओडिशात ऋषिकुल्येला २०२५ मध्ये जवळपास सात लाख माद्या आल्या तेव्हा ती बातमी पहिल्या पानावर आली, कारण किनारा भरून कासवं दिसली. तिथंही फोटोत फक्त माग असते तर?

भाची: मग गुहागरची कासवीण आठवते? जानेवारी २०२५. एक मादी अंडी घालायला आली, पायाला टॅग, ०३२३३. ओडिशात २०२१ मध्ये लावलेला. पूर्व किनाऱ्याचं कासव पश्चिम किनाऱ्यावर. त्या एका आकड्याने जेवढं कळलं तेवढं हजार चेहऱ्यांनी नसतं कळलं.

मामा: हां! आणि तो टॅग कोणी लावला? रात्री किनाऱ्यावर जाऊन, तिच्या शेजारी बसून, तिला हात लावून कोणीतरी तो ठोकला तेव्हा नं? तू तर म्हणतेस ती असताना मी तिथं नको.

भाचीकडे याला उत्तर नव्हतं. 'त्यांना परवानगी असते, शिकलेले असतात,' एवढं म्हणाली, पण ते उत्तर नव्हे हे तिलाही कळलं. जवळ गेल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. मामाचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर उभं आहे आणि ते खोटं नाही. प्रश्न एवढाच की जवळ कोणी जायचं, कशासाठी, आणि त्याची किंमत कोण देतं. मला वाटतं भाचीची चूक इथं होते की ती लांबून पाहण्यालाच सभ्यता समजते. मामाची चूक दुसऱ्या टोकाला आहे.

भाची: तुम्ही वैनगंगेवर सुरय काढले होते नं? मे महिन्यात?

मामा: काढले. नदी सुरय, चोचीत मासा, उडताना. त्याला बक्षीसही आहे.

भाची: किती जवळून?

मामा: दहा-बारा मीटर असेल. रेतीवर पोटावर सरकत गेलो होतो. अर्धा तास लागला.

भाची: मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात. सुरय, आर्ली, टिटवी, सगळे रेतीवर उघड्यावरच अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा. अंड्यावर रेतीसारखेच ठिपके, माणूस पाय ठेवेपर्यंत दिसत नाही. मे महिन्यात पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. दुपारी पाण्यात जाऊन पोटाची पिसं ओली करून येतो आणि अंडी गार करतो. तुम्ही अर्धा तास सरकत गेलात तेव्हा अर्धा तास ती अंडी तापत्या रेतीवर होती.

मामा: पक्षी उडत होता म्हणजे घरट्यावर नव्हताच मुळी.

भाची: उडत होता कारण तुम्ही होता. सुरय माणसावर झेप घेतो, ओरडतो. फोटोत तोच आवेश दिसतो, म्हणून बक्षीस मिळतं.

मामाने पोह्याची बशी बाजूला ठेवली. तो चिडला की आवाज कमी होतो.

मामा: तेव्हा हे कोणी सांगत नव्हतं.

भाची: आता सांगतेय.

मामा: तिथं रेतीघाट होता. टिप्परांची रांग लागली होती. ढोरं चरत होती. वरच्या धरणातून पाणी सुटलं की अख्खा पट्टा पाण्याखाली. आणि तुला माझी सहाशेची लेन्स दिसली!

भाची: टिप्पर दिसतात नं. पण तुमच्या फोटोत नाहीत.

यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मामा उठला, आतून स्लाइड पाहायचं जुनं भिंग घेऊन आला आणि प्रिंट टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर वाकला. मला वाटलं, फोकस कुठं चुकला ते शोधतोय. पण त्याने बोट मागावर ठेवलं.

मामा: डावं-उजवं वल्हं आलटून पालटून पडलंय. एकदम नाही. अशीच चालते का ही?

भाची: ऑलिव्ह रिडले हो. काही दुसरी कासवं दोन्ही वल्ही एकदम मारतात.

मामा: हा येतानाचा माग, हा जातानाचा. जातानाचा खाली जास्त लांब गेलाय. म्हणजे आली तेव्हा भरती होती, गेली तेव्हा ओहोटी लागली होती. ही रेती विस्कटली ते घरटं. आणि हे कुत्रं. नखं उमटलीत, म्हणजे मांजर नव्हे.

भाची: कोरिंगात मासेमार मांजर आहे, पण ते खारफुटीत.

मामा: कुत्रंच. कोल्हाही असेल, पण पावलं जरा रुंद आहेत. हे बघ, कासवाच्या मागावर पडलीत, म्हणजे नंतर आलं. घरट्याशी थांबलं, वास घेतला, उजवीकडे निघून गेलं. उकरलं नाही. काहून? उपाशी कुत्रं अंडी सोडत नाही. थांब. ही चप्पल कोणाची?

भाची: कुठं?

मामा: घरट्याच्या मागे, सावलीत. अर्धवट आहे. आणि कुत्र्याचा पाय चपलेवर आलाय. म्हणजे माणूस आधी आला, मग कुत्रं. तू गेली त्याच्या आधी तिथं कोण होतं?

भाची: वनखात्याचे लोक. रात्री फिरतात, अंडी काढून हॅचरीत नेतात.

मामा: मग झालं. अंडी आधीच गेली होती. कुत्र्याला रिकामा खड्डा मिळाला.

भाचीने भिंग ओढून घेतलं. आठ-दहा दिवस ती तोच फोटो स्क्रीनवर पाहत होती, चप्पल तिला दिसली नव्हती. मामा पस्तीस वर्षं गार्डांबरोबर धुळीतल्या पावलांवर वाकलेला माणूस. वाघ दिसला नाही त्या दिवसांत त्याने जे शिकून घेतलं, त्याची एकही फ्रेम त्याच्याकडे नाही. फिल्म महाग होती, म्हणतो.

भाची: आता यात प्राणी आहे?

मामा: तीन आहेत. पण हे भिंगाने दाखवावं लागतं, आणि पाहुण्याला भिंग देता येत नाही. लावायचाच तर डोळ्यांच्या उंचीवर लाव, सोफ्यामागे नाही. जवळ जाऊन पाहता आलं पाहिजे.

भाची: आणि वाघीण?

मामा: वाघीण कुठंही जाणार नाही.

फोटो शेवटी जेवणाच्या टेबलासमोर लागला. वाद मात्र संपला नाही, तो कन्हानवर गेला. भाचीचं म्हणणं असं की कामठीजवळच्या पुलावरून, एकाच कठड्यापाशी उभं राहून, दरवर्षी एकाच तारखेला नदीचं पात्र काढायचं. एकच लेन्स, एकच उंची. पाणी किती, रेतीचा पट्टा कुठं, टिप्पर किती.

मामा: पुलावरून सुरय माशीएवढा दिसेल.

भाची: दिसू द्या.

मामा: मी सहाशेची घेणार.

भाची: घ्या. पण खाली रेतीवर उतरायचं नाही.

मामा: जानेवारीत तरी?

भाची: जानेवारीत उतरा. तेव्हा अंडी नसतात.

मामा: तेव्हा मला उतरून काय मिळणार?

भाची: माग.

मामा: तारीख कोणती धरायची मग? १ मे ठेव. महाराष्ट्र दिन, सुट्टी, पुलावर गर्दी कमी.

भाची: सुट्टीला टिप्पर कमी असतील. आकडा चुकेल.

२ मे ठरली आहे. पाण्याच्या बाटल्या आणि छत्री मी द्यायची.